जुन्या बरण्या आणि ताजी फुले



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर येणारे वक्ते बहुधा मोठे विषय घेऊन येतात. कोणी राज्यघटनेवर बोलतात, कोणी संतवाङ्मयावर, कोणी शेतीमालाच्या भावावर. आम्ही मात्र आज आपल्यापुढे लोणच्याची एक जुनी बरणी घेऊन उभे आहोत. तिच्यात लोणचे नाही, बहाव्याची एक फांदी आहे. जुन्या चिनी मातीच्या बरण्यांत ताजी फुले कशी मांडावीत आणि मुळात ती का मांडावीत, एवढाच आमचा विषय.

विषय ऐकून काहींच्या मनात एक शंका आली असेल, आणि ती रास्त आहे. ज्या जिल्ह्यात वैशाखात टँकरची वाट पाहावी लागते, तिथे फुलदाणीत पाणी घालायला सांगणाऱ्या वक्त्याला आधी हंडा देऊन रांगेत उभे करावे, असे कोणाला वाटले तर आम्ही त्याला दोष देणार नाही. या शंकेचे उत्तर आम्ही देऊ. तथापि ते शेवटी देऊ. आधी या बरणीची ओळख करून घ्यावी लागेल. ती आपल्या घरात इतकी वर्षे राहिली, आणि आपण तिचे कूळ कधी विचारले नाही.

आपण 'चिनी माती' हा एकच शब्द तीन-चार निरनिराळ्या वस्तूंना लावतो. चहाची पातळ पांढरी कपबशी चिनी मातीची, स्वयंपाकघराच्या भिंतीवरची फरशी चिनी मातीची, आणि खाली पिवळसर व खांद्यापासून वर तपकिरी अशी जाड बुडाची बरणी, तीही चिनी मातीचीच. या बरणीच्या जातीला कारखानदार 'स्टोनवेअर' म्हणतात. म्हणजे दगडासारखे भांडे. नाव सार्थ आहे. आपल्या कुंभाराचा रांजण साधारण सातशे ते नऊशे अंश उष्णतेत भाजला जातो. त्यात बारीक छिद्रे राहतात, त्यांतून पाणी झिरपते, वाऱ्याने सुकते, आणि आतले पाणी गार होते. स्टोनवेअरची माती बाराशे अंशांच्या आसपास किंवा त्याहून अधिक तापवतात. त्या तापात मातीचे कण वितळून एकमेकांना चिकटतात आणि छिद्रे जवळजवळ बुजतात. रांजणाचा गुण झिरपण्यात आहे, बरणीचा गुण न झिरपण्यात. मीठ, आंबट आणि तेल या तिघांनी तांब्यापितळेचे भांडे खराब होते. या बरणीला त्यांचे काही वाटत नाही. जगात काही ठिकाणी तर भट्टी ऐन तापात असताना तिच्यात मीठच टाकीत. त्या मिठाचा आणि मातीतल्या वाळूचा संयोग होऊन भांड्यावर काचेसारखी झिलई चढे. मिठाने घडलेली ती भांडी मिठालाच दाद देत नसत.

आता तिच्या नावाकडे पाहा. आपल्याकडच्या उर्दू बोलणाऱ्या घरांत हिला 'मर्तबान' म्हणतात. बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, तेव्हा हा शब्द आपल्या कानांना परका नाही. मर्तबान हे मुळात ब्रह्मदेशातल्या, म्हणजे आजच्या म्यानमारमधल्या, एका बंदराचे नाव. मोठमोठी झिलईदार भांडी त्या बंदरातून जहाजांवर चढत आणि पश्चिमेकडे जात. पुढे बंदराचे नावच भांड्याला चिकटले. चौदाव्या शतकातला प्रवासी इब्न बतूता याने लिहून ठेवले आहे की, पूर्वेकडच्या समुद्रप्रवासात एका राजकन्येने त्याला चार मर्तबाने भेट दिली, आणि त्यांत आले, मिरे, लिंबे व आंबे मीठ घालून भरलेले होते. म्हणजे पावणेसातशे वर्षांपूर्वीही या भांड्यात कैरीचे लोणचेच होते! हाच प्रवासी आपल्या जवळच्या दौलताबादलाही राहून गेला होता.

विसाव्या शतकात ही भांडी परदेशातून आणण्याची गरज उरली नाही. सौराष्ट्रात थानगडच्या परिसरात योग्य माती सापडली, आणि तिथे या धंद्याचा पाया घालणाऱ्यांत परशुराम गणपुले हे मराठी गृहस्थ होते. आपल्या घरांतल्या पुष्कळ बरण्या त्या बाजूच्या भट्ट्यांतून निघालेल्या आहेत. बरणीच्या बुडाशी किंवा खांद्यावर छाप असतो. घरी गेल्यावर तो वाचून पाहावा. मालगाडीत गवताच्या पेंढ्यांत बसून ही बरणी परळीच्या स्थानकात उतरली असेल आणि तिथून बैलगाडीने एखाद्या खेड्यात गेली असेल. तिचा प्रवास आपल्या आजोबांच्या प्रवासाहून मोठा निघण्याचा संभव आहे.

घरात आल्यावर मात्र तिचा प्रवास संपे. माजघरातल्या अंधाऱ्या फडताळात, उतरंडीच्या शेजारी, तोंडाला दादरा बांधून ती बसे. चैत्र-वैशाखात कैऱ्या यायच्या, त्या पुसायच्या, फोडायच्या, मोहरी फेसायची, तेल कढवून थंड करायचे, आणि वर्षभराची चव त्या बरणीत कोंडायची. तिच्याभोवती नियमांचे कुंपण होते. ओला हात लावायचा नाही, उष्टा डाव घालायचा नाही, आणि घरातल्या लेकीसुनांनी महिन्यातले चार दिवस तिच्या जवळपासही जायचे नाही. ज्या हातांनी कैऱ्या फोडल्या, त्याच हातांना त्या बरणीची बंदी. हे आम्ही कोणाला दुखवण्यासाठी सांगत नाही. बरणीचा इतिहास सांगायचा तर हाही सांगितला पाहिजे. एवढे खरे की, त्या बरणीत घरातल्या बाईचे कौशल्य साठवलेले असे, आणि ते कौशल्य पाहुण्याला पानात डाव्या बाजूला एका फोडीएवढेच दिसे.

आता काळ पालटला. लोणचे बाजारात काचेच्या नाही तर प्लॅस्टिकच्या डब्यात मिळते. कुटुंबे लहान झाली, कोणाला पायलीभर लोणचे घालण्याचे कारण उरले नाही. आपल्या जिल्ह्यातली हजारो कुटुंबे दसरा झाला की ऊसतोडीला जातात. त्या फिरत्या संसारात जड आणि फुटणारी बरणी कशी न्यावी? ती कुलूप लावलेल्या घरात मागे राहते. शहरात तिची गत वेगळी. घर पाडून नवे बांधायचे निघाले की बरण्या अंगणात येतात, आणि भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढतात. पुढे मोठ्या शहरांतल्या दुकानांत त्याच बरण्या 'जुन्या घरगुती वस्तू' म्हणून काचेच्या कपाटात दिसतात, आणि आपल्याच गावचा नोकरीला गेलेला मुलगा ती विकत घेऊन दिवाणखान्यात ठेवतो. आजीची बरणी आईने काढून टाकली आणि नातवाने पैसे मोजून परत आणली, असा हा व्यवहार आहे. पुण्याच्या दिनकर केळकरांनी गावोगाव हिंडून अडकित्ते, दिवे आणि स्वयंपाकाची भांडी जमवली, तेव्हा लोकांना ते वेड वाटले. आज त्यांचे राजा केळकर संग्रहालय पाहायला आपण तिकीट काढून जातो. प्रत्येकाने संग्रहालय उभारावे, असे आमचे म्हणणे नाही. घरची एक वस्तू घरात राहावी, एवढेच म्हणणे आहे. ती राहायची तर तिला काम हवे. बिनकामाची वस्तू अडगळ होते आणि अडगळ फार दिवस टिकत नाही.

तिला फुलांचे काम द्यावे, ही आमची सूचना.

यावर पहिला आक्षेप असा की, फुलदाणी हा साहेबाचा शौक. आपल्याकडे फूल देवाला असते, वेणीत असते, दाराच्या तोरणात असते. खोलीच्या कोपऱ्यात फुले उभी करून ठेवणे आपले नव्हे. हा आक्षेप घेणाऱ्यांनी अजिंठा-वेरूळच्या लेण्यांत जाऊन खांबांकडे नीट पाहावे. कित्येक स्तंभांवर एक गोल घट कोरलेला दिसतो आणि त्याच्या तोंडातून पाने-फुले उसळून बाहेर झुकलेली दिसतात. त्याला पूर्णघट किंवा घटपल्लव म्हणतात. भरलेल्या घटातून बाहेर आलेला पाला हे समृद्धीचे चिन्ह आपल्या शिल्पकारांनी दगडात शतकानुशतके कोरले. नवरात्रातला घट आणि मंगलकार्यातला आंब्याच्या पानांचा कलश ही त्याचीच भावंडे. 'फुलदाणी' हा शब्दच पाहा. फूल आपले, 'दान' फारसीचे, आणि अत्तरदाणी-गुलाबदाणीच्या पंगतीत बसून तो आता पुरता मराठी झाला आहे. तेव्हा परकेपणाची शंका सोडून द्यावी.

दुसरी गोष्ट वस्तूला दुसरे काम देण्याची. जपानात शिगाराकी नावाचे कुंभारांचे गाव आहे. तिथली माती आपल्या बरणीसारखीच दगडासारखी भाजते. तिथले शेतकरी बियाणे ठेवायला लहान बुटकी मडकी वापरीत. पंधराव्या-सोळाव्या शतकांत चहाच्या आचार्यांची नजर त्यांच्यावर पडली, आणि त्यांनी ती मडकी फुलासाठी घेतली. गुडघे पोटाशी घेऊन उकिडवा बसलेला माणूस दिसावा तसा त्यांचा आकार, म्हणून त्यांना नावही 'उकिडवे' अशाच अर्थाचे मिळाले. त्याच परंपरेतला थोर आचार्य सेन नो रिक्यू (१५२२–१५९१) याची एक आख्यायिका सांगतात. त्याच्या बागेत पहाटे फुलणाऱ्या वेलींना बहर आल्याचे ऐकून राज्यकर्ता हिदेयोशी ती पाहायला आला. बागेत एकही फूल नव्हते, सगळी खुडलेली! रागावून तो चहाच्या खोलीत शिरला, तर समोर एका साध्या भांड्यात एकच फूल. त्या एका फुलाकडे पाहताना बाग पाहण्याची गरजच उरली नाही.

हे सांगायला इतक्या दूर जायचे कारण नव्हते, असे कोणी म्हणेल. मग जवळचे उदाहरण घेऊ. त्याच सोळाव्या शतकात जन्मलेले आपल्या अंबाजोगाईचे दासोपंत (१५५१–१६१५). त्यांनी 'पंचीकरण' लिहिले ते पासोडीवर. पासोडी म्हणजे अंथरा-पांघरायचे जाडेभरडे कापड. थंडी निवारणे एवढेच जिचे काम, त्या वस्तूला पंतांनी ग्रंथ केले. अंगावर घेतलेल्या पासोड्या किती आल्या आणि किती झिजून गेल्या. ही एक मात्र अंबाजोगाईत जपून राहिली, कारण तिला दुसरे काम मिळाले. बरणीत फूल ठेवणे आणि पासोडीवर वेदान्त लिहिणे यांची तुलना आम्ही करीत नाही. वस्तूचे पहिले काम सरले म्हणून वस्तू सरत नाही, हा धडा मात्र आपल्या गावच्या मातीतला आहे.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू, कारण आमच्या माता-भगिनींना तत्त्वज्ञानापेक्षा रीत अधिक उपयोगी.

प्रथम बरणी तपासावी. बोटाच्या पेराने हलकेच वाजवावी. नाद स्वच्छ आला तर ती धड आहे. भद्द आवाज आला तर कुठे तरी तडा आहे असे समजावे. मग पाणी भरून रात्रभर जुन्या वर्तमानपत्रावर ठेवावी. कागद सकाळी कोरडा असला की झाले. ओठाचा टवका उडाला असेल, झिलईवर बारीक चिरांची जाळी पडली असेल, तर तिच्यात पुन्हा खाण्याची वस्तू भरू नये. जुन्या झिलईत काय मिसळले असेल याचा भरवसा नसतो आणि चिरांत घाण मुरते. फुलांना मात्र अशी बरणी चालते. लोणच्यातून निवृत्त झालेल्या बरणीला फुलांकडून बोलावणे येते, ते असे.

नंतर ती धुवावी, आणि इथे घाई करू नये. वर्षानुवर्षे मुरलेला खार चिरांतून हळूहळू बाहेर येतो. रिकाम्या बरणीच्या अंगावर पांढरी भुकटी दिसते ती त्याचीच. खाऱ्या पाण्यात देठाला पाणी ओढता येत नाही आणि फूल दुसऱ्या दिवशी मान टाकते. म्हणून कोमट पाण्यात रिठा घालून तेलकटपणा काढावा, मग साधे पाणी भरून ठेवावे आणि चार-पाच दिवस रोज बदलावे. थंड बरणीत एकदम उकळते पाणी ओतू नये. दगडासारखे भांडेही अशा धक्क्याने तडकते. तडा गेलेलीच बरणी असेल तर आत काचेचा एखादा पेला ठेवावा, त्यात पाणी घालावे. बरणी दिसेल, पाणी पेल्यात राहील. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या कायद्याप्रमाणे पुरावस्तू ठरू शकते. तिचा धंदा करायला परवाना लागतो आणि ती देशाबाहेर नेता येत नाही. आपण मात्र ती विकायची नाही असेच आज ठरवतो आहोत, तेव्हा इथेच थांबू.

बरणीची एक अडचण आहे. ती लोणच्यासाठी घडली, म्हणून तिचे तोंड रुंद. त्यात चार देठ ठेवले की चार दिशांना पडतात. बाजारात यासाठी हिरव्या रंगाचा स्पंज मिळतो. तो एक प्रकारचे प्लॅस्टिकच असतो आणि मातीत कुजत नाही. आपल्याकडे त्याहून चांगली वस्तू रानात पडून आहे. तुराटीचे दोन तुकडे बरणीच्या गळ्याच्या मापाने कापून आत आडवे, फुलीसारखे बसवावेत. तोंडाचे चार भाग होतात, देठाला टेकू मिळतो, आणि बाहेरून काही दिसत नाही. जपानी लोकही काटकीच्या अशाच युक्तीने देठ उभे करतात. बुडाशी नदीतले मूठभर धुतलेले गोटे टाकले तर बरणी अधिक स्थिर राहते आणि पाणीही कमी लागते.

फुले पहाटे किंवा सूर्य मावळल्यावर तोडावीत. तोडल्याबरोबर देठ पाण्यात बुडवून दोन तास सावलीत ठेवावेत. मग देठाचे टोक पाण्याखालीच धरून तिरपे कापावे, म्हणजे देठाच्या नळ्यांत हवेचा बुडबुडा शिरत नाही. पाण्यात बुडणारी पाने काढून टाकावीत. ती कुजतात, पाण्यात जंतू वाढतात आणि नळ्या बुजतात. फूल सुकण्याचे मोठे कारण हेच असते. पाण्यात चमचाभर साखर आणि लिंबाचे थोडे थेंब घातले तर साखर फुलाला पोसते आणि आंबटपणा जंतूंना आवरतो. बरणीच्या पोटात उजेड जात नसल्याने शेवाळ धरत नाही, हा काचेच्या फुलदाणीवर तिचा वरचष्मा. पण उजेड जात नाही म्हणूनच पाणी गढूळ झालेले आपल्याला दिसतही नाही. म्हणून पाणी रोज बदलावे. पंख्याच्या वाऱ्यात आणि उन्हात बरणी ठेवू नये. घरात आंब्याची आढी घातली असेल तर त्या खोलीतही ठेवू नये. पिकणाऱ्या फळातून इथिलीन नावाचा वायू निघतो, तो आंबा पिकवतो आणि फुलाला म्हातारे करतो. कण्हेर, चाफा, रुई यांच्या देठातून चीक येतो. टोक मेणबत्तीवर क्षणभर धरले की तो थांबतो. कण्हेर आणि रुई विषारी आहेत, त्यांचे पाणी लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये.

मांडणीचे माप सोपे आहे. सर्वांत उंच फांदी बरणीच्या उंचीच्या दीडपट घ्यावी. जपानात १९२७ साली निघालेल्या सोगेत्सु संप्रदायात तीन फांद्यांची रीत आहे: दुसरी फांदी पहिलीच्या पाऊणपट, तिसरी दुसरीच्या पाऊणपट किंवा त्याहून कमी. तिन्ही एका रेषेत नसाव्यात. एक उभी, एक कलती, एक पुढे झुकलेली. मधली जागा मोकळी सोडावी. आपल्याला पुष्पगुच्छाची सवय, त्यामुळे मोकळी जागा दिसली की आपण तिथे आणखी एक फूल खोचतो. तो मोह आवरावा. बरणीही दिसली पाहिजे, फुलांनी तिला झाकून टाकू नये. तिचा रंग तपकिरी आणि पिवळट. त्यावर पांढरा, पिवळा, केशरी आणि हिरवा हे रंग शोभतात.

आणि फुले कोणती? इथे आम्ही बीडचे पंचांग उघडतो. फाल्गुनात बालाघाटाच्या डोंगरात पळस पेटतो; पाने नसलेली एक काळपट फांदी बरणीत ठेवली तर दुसरे काही लागत नाही. एकच फांदी आणावी, झाड ओरबाडू नये. चैत्रात कडुनिंबाचा मोहोर, वैशाखात बहाव्याचे घोस. बहावा दोन दिवसांत पाकळ्या गाळतो. त्या खाली पडल्या तरी लगेच झाडू नयेत, त्याही शोभेच्याच. मोगऱ्याला देठ आखूड, तो उभा राहत नाही. त्याच्यासाठी बरणीचे झाकण उपडे करून त्यात पाणी घालावे आणि फुले तरंगत सोडावीत. श्रावणात तेरडा आणि बांधावरचे तुरेदार गवत. नवरात्रात तरवड. पडीक रानात, कोणी पाणी न घालता, ही पिवळी फुले येतात आणि आपण त्यांच्याकडे पाहतही नाही. दसरा-दिवाळीला झेंडू आणि शेवंती. शेवंती काळजी घेतली तर आठवडाभर सहज टिकते. निशिगंधाची छडी खालून वर उमलत जाते. सुकलेली खालची फुले खुडत गेले की वरच्या कळ्यांना बळ मिळते. पौष-माघात करडई. करडईची काटेरी बोंडे आधी पिवळी, मग केशरी, मग तांबूस होतात; वाळली तरी त्यांचे रूप जात नाही. तिच्या जोडीला ज्वारीची दोन कणसे आणि उमललेल्या बोंडांची एक पऱ्हाटी ठेवा. ज्या पऱ्हाटीला आपण जळण म्हणतो, ती तपकिरी बरणीत उभी राहिली की घरी आलेला पाहुणा विचारतो, हे कोणते झाड?

आता सुरुवातीच्या शंकेकडे येतो. दुष्काळी जिल्ह्यात हे सगळे शोभते काय?

हिशेब मांडू. गोटे आणि पेला वापरला तर एका बरणीला तांब्याभर पाणी पुरते. रोज बदलले तरी ते फेकायचे नसते, तुळशीला घालायचे असते. म्हणजे तुळशीचेच पाणी एक दिवस वाटेत थांबून जाते. आणि ज्या दिवसांत तेवढेही पाणी नसेल, त्या दिवसांसाठी करडई, कणसे आणि पऱ्हाटी आहेतच. त्यांना पाण्याचा थेंब लागत नाही. बीडच्या खजाना विहिरीसारखे काम सोळाव्या शतकात या भूमीत उभे राहिले, ते पाण्याचे मोल जाणणाऱ्या माणसांनी उभे केले. ही जाणीव आपल्या रक्तात आहे. आम्ही तिच्याविरुद्ध बोलत नाही. तांब्याभर पाण्यात घर प्रसन्न करण्याची कला दुष्काळी मुलखालाच साजेल, पाण्याने भरलेल्या मुलखाला तिची गरज काय?

दुसरा हिशेब शेतकऱ्याचा. आज दुकाने, मंगलकार्यालये, देव्हारेसुद्धा प्लॅस्टिकच्या फुलांनी भरले आहेत. ती सुकत नाहीत, हा त्यांचा गुण सांगतात. ती कुजतही नाहीत, हे कोणी सांगत नाही. झेंडू आणि शेवंती लावणाऱ्या शेतकऱ्याचा भाव पडतो तो सणाच्या दुसऱ्या दिवशी, कारण आपण फूल फक्त सणाला विकत घेतो. कृत्रिम फुलांवर बंदी घालण्याचा विषय २०२५ साली राज्याच्या विधिमंडळातही निघाला. कायद्याचे काय व्हायचे ते होवो. शंभर घरांनी सण नसलेल्या एका मंगळवारी शेवंतीच्या चार काड्या घेतल्या, तर शेजारच्या गावच्या एका मळ्याला तो मंगळवार बरा जाईल. आमचा भरवसा कायद्यापेक्षा त्या मंगळवारावर अधिक आहे.

शेवटची गोष्ट सांगून आम्ही आपली रजा घेतो. ही बरणी कुठे ठेवायची? पुन्हा माजघरात ठेवू नका. बैठकीत, खिडकीच्या बाजूला, पाहुण्याच्या नजरेच्या उंचीवर ठेवा. दादरा काढून टाका. घरातल्या थोरल्या सासूबाईंना तिची हकिकत विचारा: ती कोणाच्या माहेरून आली, तिच्यात किती कैऱ्या मावत, पहिले लोणचे कोणत्या साली घातले. ती हकिकत एका कागदावर लिहून बरणीच्या बुडाशी चिकटवून ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी घर पाडताना तिला भंगारात घालण्यापूर्वी कोणी तरी ती वाचील. आणि फुले मांडायला घरातल्या लेकीला, सुनेला, नातीला सांगा, महिन्याच्या कोणत्याही दिवशी. ज्या बरणीला हात लावायला एके काळी तिला बंदी होती, त्या बरणीचे तोंड आता तिच्यासाठी उघडे असू द्या. तिच्या आजीचे कौशल्य अंधाऱ्या फडताळात राहिले. तिचे बैठकीत, सर्वांच्या समोर राहील.

ही बहाव्याची फांदी परवापर्यंत टिकेल. बरणीची काळजी मात्र आपण सगळे मिळून घेऊ.